दुसऱ्या गिअरात कन्नडचा घाट

आमच्या घरात एक अलिखित करार आहे. संभाजीनगरहून कुठंही निघालो तरी गाडी मी चालवतो. घाट आला की चावी बायकोकडे. चाळीसगावला जायचं असलं तर कन्नडला चहाला थांबायचं, चहा झाल्यावर ती स्टिअरिंगवर आणि मी शेजारी डोळे मिटून. घाट संपून खानदेशाची सपाटी लागली की पुन्हा अदलाबदल. कन्नडच्या हॉटेलवाल्यानं आमची ही कवायत पाहून एकदा विचारलंही होतं, "काका, तुमचं लायसन अर्धंच हाय का?"

मला उंचीची भीती वाटते. लहानपणापासून. गच्चीच्या कठड्याशी मी जात नाही. दरी दिसली की आधी तळपायांना मुंग्या येतात, मग गुडघ्यांतलं बळ जातं, आणि मग सगळ्यात वाईट गोष्ट होते: दरी ओढायला लागते. हे ज्यांना होत नाही त्यांना सांगून समजत नाही आणि ज्यांना होतं त्यांना सांगावं लागत नाही. डॉक्टर याचं कारण बरं देतात. आपण उभे असतो तेव्हा शरीर सतत किंचित डोलत असतं आणि समोरच्या स्थिर वस्तूंकडे बघून डोळे तो तोल सावरत असतात. समोर जवळ काहीच नसलं, सगळं हजार फूट लांब असलं, की डोळ्यांचा हिशेब चुकतो. पण गाडीत बसलेला माणूस तर डोलत नाही. तरी भीती वाटतेच, कारण मनाला हा हिशेब कुणी समजावून दिलेला नसतो.

यावेळी प्रश्न आत्याचा होता. तिच्या डोळ्याचं ऑपरेशन इथं झालं आणि तिला चाळीसगावला घरी सोडायचं होतं. बायकोची शाळा सुरू, रजा मिळेना. मी ड्रायव्हर बघतो म्हणालो तर आत्या खवळली. "भाड्याच्या माणसाबरोबर मी जाणार नाही. तू चल. मला आता स्पष्ट दिसतंय. तुला दिसेनासं झालं तर मी सांगीन."

पंच्याहत्तरी ओलांडलेल्या बाईनं असं म्हटल्यावर काय बोलणार?

छावणीचा लोखंडी पूल ओलांडून मिटमिटा मागं टाकलं की शहर सुटतं. धुळ्याकडे जाणारा नवा चौपदरी रस्ता दौलताबादचा घाट टाळून जातो. मला तोच हवा होता. पण आत्याला भद्रा मारुतीचं दर्शन घ्यायचं होतं, म्हणून जुना रस्ता. आश्विनातली सकाळ होती, पाऊस नुकता ओसरलेला, आणि देवगिरीचा डोंगर इतका हिरवा की त्याचा तो तासलेला कडा एरवीपेक्षा जास्त काळा दिसत होता.

आम्ही संभाजीनगरकर हा किल्ला पाहुण्यांना दाखवतो आणि स्वतः बघायचं विसरतो. डोंगराचा खालचा भाग चहूबाजूंनी तासून असा सरळ उभा केलाय की घोरपडीला नखं रोवायला फट मिळू नये. खाली पाण्याचा खंदक. ज्यांनी हे केलं त्यांनी उंचीची भीती हे दगडचुन्याइतकंच भरवशाचं बांधकामाचं साहित्य धरलं होतं, असं मला नेहमी वाटतं. शाळेच्या सहलीत आम्ही वर चढलो होतो. अंधारी नावाचा जो काळोखा भुयारी मार्ग आहे, तिथं वर्गातली सगळी पोरं किंचाळत होती आणि मी एकटा निवांत चालत होतो. काळोखात खोली दिसत नाही ना! पुढं बारादरीच्या उजेडात गेल्यावर मात्र मी खाली बसलो तो गुरुजींनी हात धरेपर्यंत उठलो नाही.

किल्ल्याच्या पुढचा घाट छोटा. जुन्या दरवाजाच्या कमानीतून एका वेळी एकच मोठी गाडी जाते, त्यामुळे इथं रांग ठरलेली. रांगेत थांबलेल्यांना सीताफळं विकणाऱ्या बाया गाडीगाडीशी येतात. एकीनं टोपली आत्याच्या मांडीवरच ठेवली. आत्यानं एकेक फळ अंगठ्यानं दाबून पाहिलं, डोळे उघडलेत की नाही ते बघितलं, भाव अर्ध्यावर आणला, आणि मग वरून दोन फळं मागून घेतली. "तुमच्याकडं मागितल्याशिवाय देत नाहीत," ती मला म्हणाली. "आमच्याकडं न मागता टाकतात." लग्नाला पन्नासहून जास्त वर्षं झाली. माहेर आता "तुमच्याकडं" झालं होतं.

दौलताबादचा घाट मला जमतो. चढ असतो, समोर डोंगर असतो, खोली पाठीमागं राहते. हे मी आत्याला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग कन्नडचा रिव्हर्समध्ये उतर."

खुलताबादला (नकाशात काहीही लिहिलेलं असो, इकडं सगळे असंच म्हणतात) मारुती झोपलेला आहे. देशात मारुती उभा असतो, उडत असतो, हातावर डोंगर घेऊन निघालेला असतो. इथं तो निवांत आडवा आहे. श्रावणी शनिवारी संभाजीनगरहून हजारो लोक रात्रभर चालत इथं येतात. त्याच गावात औरंगजेबाची उघडी कबर आहे आणि थोड्या अंतरावर मलिक अंबरचा मकबरा. औरंगजेबावर सगळे बोलतात. मलिक अंबरकडे फारसं कुणी फिरकत नाही. ज्या गावात मी राहतो ते गाव खडकी नावानं १६१०च्या सुमारास त्यानंच वसवलं आणि डोंगरातून नहरीनं पाणी आणून ते नांदवलं. हबशी गुलाम म्हणून हिंदुस्थानात आलेला माणूस. आत्याला यात रस नव्हता. तिनं मारुतीला नारळ दिला, अर्धं मला दिलं आणि म्हणाली, "आता घाटात हे तोंडात ठेव. दात आवळायला काहीतरी पाहिजे."

खुलताबादहून वेरूळपर्यंतचा उतार सौम्य आहे. घृष्णेश्वराला गर्दी होती, दर्शन बाहेरूनच केलं. लेण्यांत काही आम्ही गेलो नाही, पण त्या रस्त्यानं जाताना कैलासाची आठवण मला हटकून होते. कैलास लेणं वरून खाली कोरलंय हे आपल्याकडं पाठ्यपुस्तकातलं वाक्य झालंय. त्याचा अर्थ काय ते नीट बघितलं पाहिजे. आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात माणसं डोंगराच्या माथ्यावर उभी राहिली आणि पायाखालचा खडक काढत गेली. कळस आधी, पाया शेवटी. शंभर फूट खोल. म्हणजे कामाच्या पहिल्या दिवशी कुणालाच खाली बघण्याची भीती नव्हती, कारण खाली अजून काही नव्हतंच. खोली त्यांनीच रोज थोडी थोडी तयार केली आणि तिची सवयही रोज थोडी थोडी करून घेतली. जुन्या मराठीतल्या 'कथाकल्पतरू' या ग्रंथात एका राणीची गोष्ट येते. देवळाचा कळस दिसेपर्यंत अन्न घेणार नाही असं तिनं ठरवलं. मग पैठणच्या कोकस नावाच्या कारागिरानं वरून कोरायला घेतलं आणि कळस सगळ्यात आधी दाखवून राणीचा उपास सोडवला. गोष्ट खरी-खोटी काहीही असो, सांगणाऱ्याला कामाची रीत नेमकी माहीत होती.

लेण्याच्या बाजूनं डोंगरावर पायवाट जाते. वरून कैलास बघतात. सगळे त्या जागेचे फोटो टाकतात. माझ्याकडं एकही नाही.

वेरूळच्या पुढं गल्ले बोरगाव, टापरगाव, हतनूर. हा पट्टा म्हणजे मका, कपाशी आणि अद्रक. आल्याला आमच्याकडं अद्रकच म्हणतात. गादीवाफ्यावर हिरवी पाती डोलत होती, एका शेतात काढणी सुरू होती आणि गाडीच्या काचा बंद असूनही ओल्या मातीचा नि अद्रकीचा तिखट वास आत आला. टापरगावला शिवना नदीवरचा पूल. नदी भरून वाहत होती. सगळीकडं सपाट. इतकं सपाट की पुढं दरी आहे यावर विश्वास बसू नये.

इथं मला दर वेळी एक गोष्ट छळते. संभाजीनगर समुद्रसपाटीपासून साधारण ५७० मीटर उंचीवर आहे. चाळीसगाव साडेतीनशेच्या आसपास. म्हणजे कन्नडचा घाट हा डोंगर चढून जाण्याचा रस्ता नाहीच. आपण जन्मभर डोंगराच्या माथ्यावरच राहतो, तिथं घरं बांधतो, भांडतो, टँकरची वाट बघतो, आणि उंचीवर आहोत याचा आपल्याला पत्ता नसतो. पत्ता लागतो तो कन्नडच्या पुढं पठार संपतं तेव्हा. भीती उंचीची असती तर मला जालना रोडवर क्रांती चौकात उभं राहूनही भ्यायला हवं होतं. (तिथंही भ्यायला कारणं आहेत, पण ती वेगळी.) माझी भीती कडेची आहे.

आणि ही कड साधी नाही. अजिंठा-सातमाळ्याची रांग म्हणजे दोन समुद्रांमधला बांध आहे. कन्नडच्या या अंगाला पडलेला पाऊस शिवनेतून गोदावरीला जातो आणि पार बंगालच्या उपसागराला मिळतो. घाटाच्या पलीकडं पडलेला पाऊस तितूर, गिरणा, तापी असा करत अरबी समुद्रात. एकाच ढगातलं पाणी. कडेच्या कोणत्या बाजूला पडलं एवढ्यावर सगळं ठरतं.

माणसांचंही तसंच होतं. १९४८च्या सप्टेंबरपर्यंत कन्नड निजामाच्या राज्यात होतं आणि चाळीसगाव मुंबई इलाख्यात. घाट ही सरहद्द होती. वरती हाली सिक्का, खाली कलदार रुपया. वरती शाळेत उर्दू, खाली मराठी. आमचे आजोबा वरचे. त्यांनी धाकटी लेक चाळीसगावला दिली तेव्हा निजाम जाऊन बरीच वर्षं झाली होती, तरी घरात बोलणं असं की पोर "घाटाखाली दिली". परदेशी दिल्यासारखी. आत्या सांगत होती, पहिल्यांदा सासरी निघाली तेव्हा एसटी घाटात तापली, कंडक्टरनं उतरून चाकामागं दगड लावला, ड्रायव्हर झऱ्यावरून पाणी आणायला गेला आणि सगळे प्रवासी खाली उतरून शिदोऱ्या सोडून बसले. "माझ्याजवळ दशम्या होत्या. नव्या नवरीनं पहिल्या दिवशी सगळ्या एसटीला जेवायला घातलं," ती म्हणाली. "मग मला कसली भीती वाटणार घाटाची?"

कन्नडला चहा झाला. हॉटेलवाला माझ्या शेजारी बायकोऐवजी आत्याला बघून थोडा गोंधळला. त्यानं आत्याकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि विचारलं, "गाडी आज्जी चालवणार का?"

इथून पुढं आता अवजड वाहनं नसतात. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या आदेशानं २०२३च्या ऑगस्टपासून घाटात जड वाहतुकीला बंदी आहे. ट्रक नांदगावच्या वळशानं जातात. त्याआधी इथं एक ट्रक बंद पडला की दोन्हीकडं रात्र रात्र रांगा लागायच्या. आणि २०२१च्या ऑगस्टअखेर एका रात्रीत इतका पाऊस कोसळला की घाटात ठिकठिकाणी दरडी आल्या, चिखलात गाड्या रुतल्या, खाली चाळीसगावात तितूर आणि डोंगरी नद्यांनी घरादारांत शिरून जनावरं वाहून नेली. घाट कितीतरी दिवस बंद होता. तेव्हा बायकोशिवाय चाळीसगावला जाणं टाळायला मला एक सन्मान्य कारण मिळालं होतं.

घाटाला औट्रम घाट म्हणतात तो जेम्स औट्रम या इंग्रज अधिकाऱ्यावरून. १८२५ साली तो खानदेशात आला, भिल्लांची पलटण उभी केली आणि दहा वर्षं इथल्या रानात वाघांमागं फिरला. पुढं १८५७च्या धामधुमीत लखनौला नाव कमावलं. पण वाट त्याच्याहून फार जुनी. घाटाच्या डोंगरात पितळखोऱ्याची लेणी आहेत, इसवीसनापूर्वीची, आणि तिथल्या खांबावर पैठणच्या एका गंध्याच्या, म्हणजे अत्तरवाल्याच्या, दानाचा लेख आहे. खाली उतरलं की पाटणादेवी. भास्कराचार्यांच्या नातवानं, चांगदेवानं, आजोबांचे ग्रंथ शिकवायला तिथं मठ काढला. तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा तो शिलालेख भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. चांगदेव हा देवगिरीच्या सिंघण यादवाचा राजज्योतिषी. राजधानी घाटावर, गणित घाटाखाली. म्हणजे तो ज्योतिषी काय किंवा तो अत्तरवाला काय, असल्याच कुठल्यातरी वाटेनं या कडेवरून वर-खाली करत असणार, आणि त्यातल्या एखाद्याला तरी खाली बघून गरगरत असणार. शिलालेखात असलं कुणी कोरत नाही.

पहिलं वळण आलं. पठार एकदम संपलं.

मी गाडी बाजूला घेतली. समोर खानदेश होता: निळसर, धुरकट, खूप खाली, चौकोनी शेतं, मध्येच एक चमकणारं तळं. दरीच्या कडेला काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे बुटके कठडे. माझ्या तळहाताला इतका घाम होता की गिअरची मूठ निसटत होती. मी ती रुमालानं पुसली. पुन्हा पुसली. मुठीवर गिअरचे आकडे कोरलेले असतात, त्यांतला दोनचा आकडा झिजून अर्धा गेलेला मला तेव्हा पहिल्यांदा दिसला. माणूस भीतीत काय काय बघतो! आत्यानं नारळाचा तुकडा पुढं केला.

मागून अद्रकीची पोती लादलेला एक छोटा टेम्पो आला आणि थांबला. पोरगा पंचविशीचा असेल.

"कामून थांबले काका? गाडी गरम झाली?"

आत्यानं माझ्याआधी उत्तर दिलं. "गाडी बरी आहे रे बाळा. याला खाली बघवत नाही."

मला वाटलं आता हा हसणार. तो हसला नाही. माझ्या काचेशी आला, आत वाकून गिअरकडं बघितलं आणि म्हणाला, "दुसऱ्यात टाका. ब्रेकावरचा पाय काढून घ्या, लागलाच तर हळूच. न्यूट्रल बिलकूल नाही. आणि दरीकडं बघायचंच नाही, माझ्या फाळक्याकडं बघा. मी पुढं चालतो."

ज्या गिअरात घाट चढतो त्याच गिअरात उतरायचा, हे सगळ्या ड्रायव्हिंग स्कूलवाल्यांनी सांगितलेलं असतं. ब्रेक सतत दाबत राहिलं तर ते तापून निकामी होतात; इंजिननंच गाडी आवळून धरायची. मला हे ठाऊक होतं. पण ठाऊक असणं आणि पाय खरोखर ब्रेकवरून उचलणं यात दहा किलोमीटरचं अंतर असतं. मी पाय उचलला. इंजिननं खर्जात हुंकार दिला आणि गाडी, मला वाटलं तशी, सुटली नाही. ती सावकाश, पोक्त माणसासारखी चालायला लागली.

टेम्पोच्या फाळक्यावर 'आईचा आशीर्वाद' असं लिहिलेलं होतं, त्यातला 'शी' पुसून गेला होता. पुढची कितीतरी वळणं माझं जग तेवढं होतं. तिथंच ते डॉक्टरी कारण कळलं, म्हणजे अंगात उतरलं: डोळ्यांना जवळचं काहीतरी हवं असतं. टेम्पो वळला की मी वळायचो. त्यानं हॉर्न दिला की मी द्यायचो. वळणागणिक दरी कधी आत्याच्या बाजूला जायची, कधी माझ्या. आत्या मोठ्यानं समालोचन करत होती. "आता तुझ्याकडं आली. बघू नको. आता माझ्याकडं. मी बघते." झरे अजून वाहत होते, सालई-धावड्याच्या रानात मध्येच वानरं बसलेली, आणि कठड्यावर ठेवलेल्या कणसाच्या शेगडीमागं एक म्हातारा शांतपणे कोळसे फुंकत होता. त्याच्या पाठीशी काही नव्हतं. दीडएकशे मीटर काही नव्हतं.

मग मध्यावर खालून लाल एसटी वर आली. वळण अरुंद. टेम्पो आधीच थांबला होता. मीही थांबलो, डोंगराच्या अंगाला सरकून. एसटीच्या ड्रायव्हरनं हात वर करून आभार मानले, माझ्या दाराजवळून जाताना वेग मुद्दाम कमी केला. मागची जीप, तिच्या मागची मोटारसायकल, सगळे एकामागोमाग निघून गेले, कुणी घुसलं नाही, कुणी हॉर्नवर हात दाबून धरला नाही. मी थक्क झालो. ही तीच माणसं आहेत. जीपवर आमच्याच जिल्ह्याचा नंबर होता. हाच मनुष्य उद्या बाबा पेट्रोल पंपाच्या सिग्नलला हिरव्याआधीच तीन गाड्यांच्या मधून नाक खुपसणार. संभाजीनगरात आपण कुणाला वाट देत नाही, कारण न दिल्यानं काही होत नाही, फार तर एक शिवी मिळते. घाटात दरी बघत असते. आम्हाला सभ्यता शिकवायची तर जालना रोडच्या दुतर्फा खणून ठेवावं लागेल, असा एक विचार मनात आला आणि मी चक्क हसलो. घाटात, गाडी चालवताना.

हसल्यावर एकदा खाली बघितलं. मुंग्या आल्या. पण पाय हलला नाही.

जर्मन कवी गटेला तरुणपणी स्ट्रासबुर्गला शिकत असताना अशीच चक्कर यायची. त्यानं काय करावं, तिथल्या कॅथीड्रलच्या मनोऱ्यावर पुन्हा पुन्हा चढून, गजभर जागेत उभा राहून, भीती मरेपर्यंत खाली बघितलं. आत्मचरित्रात त्यानं स्वतःच लिहिलंय. आजचे मानसोपचारवाले थोड्याफार फरकानं तेच सांगतात. माझी भीती मेली वगैरे नाही. ती मागच्या सीटवर बसली होती इतकंच, आणि तिलाही रस्ता बघायचा होता.

घाट संपला हे आधी कानांनी कळलं. इंजिनचा आवाज बदलला, हवा गरम झाली. टेम्पोवाल्यानं सपाटीला गाडी बाजूला घेतली. मी पैसे देऊ केले तर त्यानं कानाला हात लावले. आत्यानं मात्र त्याच्या खिशात दोन सीताफळं कोंबली, दौलताबादला वरून मागून घेतलेली तीच.

खाली उतरल्यावर वीस मिनिटांत देश बदलतो. कपाशी आमच्यासारखीच, पण गोठे मोठे, बैल उंच, आणि बोलणं अहिराणी. रस्त्याकाठी पाणी घ्यायला थांबलो तर दुकानदारानं गाडीचा नंबर बघून विचारलं, "कथाईन उनात भाऊ?" आत्यानं अशी काही अहिराणी सुरू केली की माझी आत्या कुठं गेली ते कळेना. आवाज चढला, हात हलायला लागले, ओळख निघाली, ओळखीतून नातं निघालं, आणि पाण्याच्या बाटलीचे पैसे त्यानं घेतले नाहीत. आमच्या मराठवाड्यात माणूस आधी तुम्हाला जोखतो, मग चहा सांगतो. एकदा सांगितला की मग जिवाला जीव. इथं आधी चहा येतो आणि जोखणं तुम्ही गेल्यावर होत असावं.

जेवायला घरी कळण्याची भाकरी होती: ज्वारीत उडीद नि मीठ घालून दळलेल्या पिठाची, खरपूस, वर कच्चं तेल, बाजूला हिरव्या मिरचीचा ठेचा. आणि शेवभाजी. शेवेची भाजी करावी ही कल्पना आमच्याकडं अजून पूर्ण मान्य झालेली नाही. आम्ही भाजी नसली तर शेव खातो. हे लोक शेव असली तर भाजी करतात. तर्री इतकी लाल की तिच्यात चेहरा दिसावा. माझ्या आतेभावाच्या सुनेनं वाढताना विचारलं, "काका, तिखट चालतं ना?" आत्या आतून ओरडली, "वाढ गं! घाट चालवून आलाय तो!"

चाळीसगाव मला फक्त आत्याचं गाव म्हणून ठाऊक होतं. संध्याकाळी फिरताना आतेभावानं केकी मूस यांचं घर दाखवलं. १९१२ साली जन्मलेले, विलायतेत शिकलेले हे छायाचित्रकार चाळीसगावला परतले आणि पन्नासेक वर्षं जवळजवळ घराबाहेर पडलेच नाहीत. टेबलावर वाळू, कापूस, काड्या, खेळण्यातली माणसं मांडून त्यांनी बर्फाळ डोंगर आणि वाळवंटं उभी केली, त्यांचे फोटो काढले आणि जगभरची पारितोषिकं मिळवली. १९८९ साली गेले. डोंगराची भीती वाटणाऱ्याला हा एक मार्ग आहे खरा. पण त्यासाठी हात तसे लागतात.

परतीला मी एकटा होतो. चढाचा घाट. समोर डोंगर, खोली पाठीमागं. तरी एका वळणावर मुद्दाम थांबलो, दगड लावला, उतरलो आणि कठड्यापासून चार पावलांवर उभं राहून खानदेश बघितला. चार पावलं पुरेशी आहेत. त्याहून जवळ जाण्यात मला काही दिसलं असतं असं नाही.

या घाटातून बोगदा काढायची चर्चा कैक वर्षं चालू आहे. झाला तर माझ्यासारख्याची मोठीच सोय होईल: अंधारीतून चालावं तसं काळोखातून सरळ पलीकडं. व्हायलाही हवा, ट्रकवाल्यांनी किती दिवस नांदगावचा फेरा घ्यायचा? पण तेव्हाही हा जुना रस्ता लहान गाड्यांना नि एसटीला उघडा ठेवावा, अशी माझी विनंती आहे. आणि तुम्ही जाणार असाल तर पावसाची मोठी सर चालू असताना घाटात शिरू नका, कन्नडला आणखी एक चहा घ्या. उतरताना गाडी दुसऱ्या गिअरात ठेवा. समोरून चढून येणाऱ्याला आधी वाट द्या. नियमही तोच आहे, आणि औट्रम घाटात तो पाळला जातो.